भाऊसाहेब ३१ मेला रिटायर होतायत, कॉलेजचं काय?

अशोकस्तंभ | २ मार्च, रात्री १०.४०

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात कॉमर्स शिकवतो. नाव सांगत नाही, कुणी ओळखलंच तर मनात ठेवा. दोन वर्षांपूर्वी आयक्यूएसीचं समन्वयकपद गळ्यात पडलं. बाहेरच्यांसाठी सांगतो: नॅक म्हणजे कॉलेजांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या मूल्यांकनाच्या निमित्ताने प्रत्येक कॉलेजात हा गुणवत्ता कक्ष असतो आणि समन्वयक म्हणजे वर्षभर सगळ्यांकडे माहिती मागत फिरणारा, सगळ्यांना नकोसा झालेला माणूस.

गेल्या महिन्यात कॉलेज विकास समितीची बैठक झाली. समितीवर अंबडच्या एका कारखान्याचे मालक आहेत. त्यांनी विचारलं, "तुमचा नॉलेज मॅनेजमेंटचा काही प्लॅन आहे का? आमच्याकडे माणूस सोडून गेला तरी मशीन थांबत नाही." प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. इतिवृत्तात 'समन्वयकांनी जूनपर्यंत आराखडा सादर करावा' असं आलं. घरी येऊन मी लॅपटॉपवर त्या नावाचा फोल्डर केला. तो अजून रिकामा आहे.

आता दुखणं सांगतो. आमचे ओ.एस., म्हणजे कार्यालय अधीक्षक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, १९९१ साली ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले आणि येत्या ३१ मेला रिटायर होतायत. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ डुप्लिकेट टी.सी.साठी आले. १९९३ सालचे विद्यार्थी. नव्या क्लार्क ताईंनी सॉफ्टवेअरमध्ये जनरल रजिस्टरचा नंबर टाकला, तर एकाच नंबरावर दोन माणसं. दुसऱ्याच कुणाची जन्मतारीख, दुसराच तालुका. ताई अर्धा दिवस घामाघूम. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, तो म्हणाला डेटा तुम्हीच दिलाय. दुपारी भाऊसाहेब बँकेतून आले, पिशवी टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "९२ च्या जूनला ज्युनिअर-सिनिअरची रजिस्टरं वेगळी केली. सिनिअरचा नंबर परत एकपासून सुरू झाला. लाल कापडाचं काढ, काळ्याचं नको." दोन मिनिटांत काम झालं.

ही गोष्ट कुठल्या कागदावर नाही, सॉफ्टवेअरमध्ये नाही, नॅकला दिलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालाच्या शेकडो पानांत तर नाहीच नाही. १ जूनला कुणाला विचारायचं?

आणि हे फक्त ऑफिसचं नाही. माझ्या आधीच्या समन्वयक मॅडमनी पाच वर्षांचे सगळे पुरावे स्वतःच्या जीमेलच्या ड्राइव्हवर ठेवले होते. त्यांची बदली झाली, काही महिन्यांनी त्यांनी जागा कमी पडते म्हणून साफसफाई केली, आणि कॉलेजच्या वेबसाइटवरच्या चाळीसेक लिंका एका रात्रीत मेल्या. मॅडमची चूक म्हणवत नाही. त्यांना कॉलेजने दुसरी जागा दिलीच कुठे होती?

तर प्रश्न असा: कुणी हे खरंच केलंय का? पुस्तकातलं नको, ते मला गुगलवर मिळतं.

बावळट बोका | २ मार्च, रात्री १०.५२

फोल्डरला नाव दिलंत ना? मग नॅकच्या दृष्टीने निम्मं काम झालं. आता त्याचा स्क्रीनशॉट काढा, प्राचार्यांची सही-शिक्का घ्या आणि पीडीएफ अपलोड करा.

केसस्टडी | ३ मार्च, सकाळी ७.१५

बोक्या, सकाळी सकाळी हसवलंस.

अशोकस्तंभ सर, हा विषय मी एमबीएच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे पुस्तकातलं नको म्हणालात तरी थोडं सहन करा.

मायकेल पोलान्यींचा जुना मुद्दा आहे: माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं त्याला सांगता येत नाही. सायकल चालवणाऱ्याला विचारा तोल कसा सांभाळतोस, तो म्हणेल बसतो आणि चालवतो. नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये त्यावर चार टप्प्यांची मांडणी केली. एकमेकांसोबत राहून शिकणं, शिकलेलं शब्दांत आणणं, शब्दांत आलेलं जुळवून ठेवणं, आणि ते पुन्हा दुसऱ्याच्या हातात मुरणं.

नोनाकांचं आवडतं उदाहरण पावाच्या यंत्राचं. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनीला घरच्या घरी पाव करणारं यंत्र काढायचं होतं. कणीक काही केल्या नीट मळली जाईना. कंपनीतल्या इकुको तनाका ओसाकातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. त्याला विचारून काही हाती लागलं नसतं. शेजारी उभं राहून मळता मळता त्यांच्या लक्षात आलं की हा कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पीळ देतो. मग यंत्राच्या आत तसा पीळ बसेल अशा कडा बसवल्या.

तुमच्याकडे, आणि आमच्याकडेही, फक्त तिसरा टप्पा होतो. गोळा करा, जुळवा, अपलोड करा. आधीचे दोन कुणी केलेच नाहीत, त्यामुळे गोळा काय होतं? ज्यात पीळ नाही अशी कणीक.

बावळट बोका | ३ मार्च, सकाळी ७.३१

नाशिकचा धागा, तीन प्रतिसाद झाले आणि अजून मिसळ आली नाही. पाव मात्र आला.

तासिकावाला | ३ मार्च, दुपारी १.०५

एक सांगू का सर, राग मानू नका. मी सात वर्षं तासिका तत्त्वावर आहे, दोन कॉलेजांत मिळून. जूनमध्ये जाहिरात, ऑगस्टात मुलाखत, मार्चमध्ये खेळ खल्लास. दरवर्षी नवा माणूस म्हणून रुजू होतो. मागच्या वर्षी एका ठिकाणी विभागप्रमुखांनी माझ्या प्रात्यक्षिकांच्या नोट्स आणि प्रश्नपेढी 'विभागाकडे राहू दे' म्हणून पेनड्राइव्हवर मागून घेतली. दिली. यंदा तिथे माझ्या जागी दुसरा आहे आणि माझ्याच नोट्सवर शिकवतोय. पहिल्या पानावरचं माझं नाव तेवढं काढलंय.

आता मला सांगा, पुढच्या कॉलेजात मी काय म्हणून वाटत बसू? तुमचे भाऊसाहेब निदान पेन्शन घेऊन चाललेत. आमच्यासारख्याकडे जे डोक्यात आहे तेवढीच मिळकत आहे. ज्याला टिकायची खात्री नाही तो हातातली किल्ली देत नसतो.

अशोकस्तंभ | ३ मार्च, रात्री ९.२०

तासिकावाले, राग कसला. वाचून दुपारभर अस्वस्थ होतो. आमच्याकडेही निम्मे जण तासिकेवरच आहेत, आणि त्यांच्याकडे साहित्य मागणारा मीच. आराखड्यात एवढं तरी टाकेन की लिहिणाऱ्याचं नाव त्या कागदावरून कुणी काढायचं नाही. जागा भरणं माझ्या हातात नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पोथीबाई | ४ मार्च, सकाळी ११.४८

मी ग्रंथपाल, वीस वर्षं. या विषयावर आम्हाला कुणी विचारत नाही हे एक आश्चर्यच. कॉलेजात माहिती जपायचं शिक्षण घेतलेला एकुलता एक माणूस ग्रंथालयात बसलेला असतो आणि समितीत त्याचं नाव सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. मोफत, मुक्त स्रोत, २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याच्या जोडीला डिजिटल कागदपत्रं साठवायचं डीस्पेस बसवलं, एमआयटी आणि एचपीने २००२ मध्ये काढलेलं. तेही मोफत. पहिल्या वर्षी त्यात काय जमा झालं? जुन्या प्रश्नपत्रिका, आणि झेंडावंदनाचे तीनशे फोटो. दुसऱ्या वर्षी परिपत्रक काढलं, तरी तेच.

म्हणून सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नका. आधी दोन कोरडी कामं करा. एक, ईमेल पदाच्या नावाने काढा. समन्वयक, परीक्षा, शिष्यवृत्ती. माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा, पत्ता नाही. चाळीस लिंका मेल्या त्या हे नव्हतं म्हणूनच. दुसरं, फाइलींची नावं. मी स्वतः एका विभागाच्या कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन सरांनी बघितलेली' आणि 'हीच खरी' अशा चार फाइली एका खाली एक बघितल्या आहेत. चौथी उघडली तर कोरी.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. तुमचा वाचक नॅकची समिती नाही हो सर, ती काही वर्षांतून एकदा येते. तुमचा वाचक ती घामाघूम झालेली क्लार्क ताई.

केसस्टडी | ४ मार्च, दुपारी १२.१०

पोथीबाई, शेवटचं वाक्य वर्गात वापरणार. नावानिशी. तासिकावाल्यांच्या धाकाने.

निवृत्त ओझर | ४ मार्च, रात्री ८.३०

ओझरच्या विमान कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. तुमच्या अंबडच्या मालकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, माणूस गेल्यावर मशीन थांबत नाही हे अर्धसत्य आहे.

कारखाना १९६४ चा, मिगसाठी उभारलेला. विमानाच्या महत्त्वाच्या भागांना लॉग कार्ड असतं. कधी बसवला, किती तास उडाला, कधी काढला, काय दुरुस्त केलं, सही कुणाची. भाग जिथे जाईल तिथे कार्ड मागोमाग. माणूस बदलो, हँगर बदलो. मिग-२१ हवाई दलातून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, म्हणजे साठ वर्षं हा कागद चालत राहिला. एवढं खरं.

पण कार्डावर 'काय केलं' असतं. रिव्हेट ठोकताना आवाज बदलला की थांबायचं, हे कुठल्याच कार्डावर नसतं. ते आम्ही जुन्या फोरमनच्या शिव्या खाऊन शिकलो. माझं म्हणणं इतकंच की कागदाचं काम कागदाला सांगा आणि कानाचं काम कानाला.

पंचवटीकर | ५ मार्च, सकाळी ६.५०

नाशकात बसून हा विषय चाललाय आणि रामकुंडाची आठवण कुणाला नाही?

आमच्या शेजारी तीर्थोपाध्यायांचं घर आहे. त्यांच्याकडच्या नामावळी बघितल्यात का कुणी? लांबलचक चोपडे, कापडात बांधलेले. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं, ते उठून आत जातात आणि तुमच्या पणजोबांच्या हातची नोंद समोर ठेवतात. कधी आले, सोबत कोण होतं, मुलांची नावं. खाली तुमची नोंद तुमच्याच हाताने करून घेतात. ना सर्व्हर, ना नॅक.

तासिकावाला | ५ मार्च, सकाळी ९.१४

पंचवटीकर, छान. पण ते चोपडे कुणी दुसऱ्याला फुकट देतं का? वारसाहक्काने जातात, कारण त्यावर घर चालतं. माझा मुद्दा तिथेच आहे.

पोथीबाई | ५ मार्च, सकाळी १०.०२

दोघांचंही बरोबर. मी भर घालते: नामावळ चालते कारण ती येणाऱ्याच्या प्रश्नाप्रमाणे लावलेली असते. यजमानाला स्वतःचं गाव आणि आडनाव माहीत असतं, म्हणून तेच विचारतात. आम्ही मात्र फाइली लावतो नॅकच्या सात निकषांप्रमाणे. 'निकष ६' असं लिहिलेल्या कपाटात बोनाफाईडची अडचण शोधायला कोण जाणार?

म्हसरूळची | ५ मार्च, रात्री ११.३०

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. सध्या रात्रीचा राउंड असतो, म्हणून उशिरा लिहितेय.

तुम्ही सगळे 'रिटायर होताना' म्हणताय. आमच्याकडे माणूस दिवसातून तीनदा जातो. सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येक वेळी एक सिस्टर दुसरीला सगळं सोपवून घरी जाते, आणि त्यात काही राहिलं तर पेशंटच्या जिवाशी गाठ. विद्यार्थिनींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, हँडओव्हर काउंटरवर उभं राहून द्यायचा नाही, बेडजवळ जाऊन द्यायचा. का? काउंटरवर सिस्टरला जे आठवेल ते ती सांगते. बेडजवळ गेलं की सलाइन दिसतं, ड्रेसिंगवरचा डाग दिसतो, पेशंट मध्येच बोलतो, आणि मग 'अगं हो, हे सांगायचं राहिलं' असं तोंडून निघतं. हे 'राहिलेलं' महत्त्वाचं असतं. आणि घेणारीने परत बोलून दाखवायचं, नुसती मान हलवायची नाही.

सर, तुमच्या भाऊसाहेबांना खुर्चीत बसवून 'तुमचं ज्ञान सांगा' म्हणू नका. त्यांना कपाटाजवळ न्या. आणि ऐकायला तुम्ही नको, पुढे ज्यांना ते करायचंय त्या ताई हव्यात.

अजून एक. आजच्या आज बघा, सरकारी पोर्टलांचे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतात.

अशोकस्तंभ | ६ मार्च, सकाळी ८.०५

म्हसरूळकर ताई, शेवटची ओळ वाचून कॉलेजात गेलो आणि तपासलं. शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणाचं एआयएसएचई, पगाराचं सेवार्थ. तिन्हीचे ओटीपी भाऊसाहेबांच्या खासगी नंबरवर. मला घाम फुटला.

गोवर्धनवाले काका | ८ मार्च, दुपारी ४.२०

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात मी लेखक-संपादक म्हणून काम केलंय, म्हणून थोडं जुनं सांगतो. विद्यापीठ १९८९ चं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगा घरोघरी न्यायची तर नळ लागतो, आणि आमचा नळ म्हणजे पुस्तिका.

नेहमीच्या कॉलेजात सर वर्गात उभे असतात, त्यामुळे काही लिहिलं नाही तरी भागतं. आमचा विद्यार्थी सुरगाण्यात किंवा गडचिरोलीत, रात्री दुकान बंद करून वाचायला बसणारा. त्याला शंका आली तर समोर कोणी नाही. म्हणून एकाने लिहायचं, दुसऱ्याने विषय तपासायचा, तिसऱ्याने फक्त एवढंच बघायचं की हे एकट्याने वाचून कळेल का. मोठमोठे प्राध्यापक या तिसऱ्या माणसावर चिडायचे. "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. तिथेच लाल खूण करायची. जे 'सगळ्यांनाच माहीत असतं' ते हमखास लिहायचं राहिलेलं असतं.

तुमचं कॉलेज लिहीत नाही यात आळस नाही. तिथे माणसं समोरासमोर आहेत, विचारून काम होतं, लिहायची गरजच कधी पडली नाही. गरज ३१ मेला पडणार.

अशोकस्तंभ | १९ एप्रिल, रात्री १०.१५

मंडळी, परीक्षांच्या गडबडीत गायब होतो. प्रगती सांगतो, अपयशासकट.

पहिली बैठक साफ फसली. ताईंचा सल्ला वाचूनही मी शहाणपणा केला आणि भाऊसाहेबांना केबिनमध्ये बसवून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "तुम्ही काय काय काम करता?" त्यांनी सरकारी कामवाटपाचा तक्ता म्हणून दाखवला. आस्थापना, लेखा, आवक-जावक, सेवापुस्तकं, बिंदुनामावली, पात्रता. वीस मिनिटं. एकही गोष्ट नवी नाही.

मग त्यांनीच फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "सर, एक विचारू? हे सगळं लिहून दिलं की मला कोण फोन करेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासिकावाल्यांचा प्रश्न, पण पेन्शनवाल्या माणसाच्या तोंडून. पस्तिसेक वर्षं ज्याच्यावाचून कुणाचं पान हललं नाही, त्याला आपण म्हणतोय की आता तुझ्यावाचून चालायची सोय कर. त्या दिवशी काहीच केलं नाही. चहा पाजला आणि सोडलं.

दुसऱ्या खेपेला कपाट. रोज दुपारी तीन ते चार, मी नाही, फक्त भाऊसाहेब आणि क्लार्क ताई. त्या दिवशी जे काम आलं असेल तेच घ्यायचं. ताईंनी काम करायचं, भाऊसाहेबांनी शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. अडलं की सांगायचं, आणि सांगितलेलं ताईंनी त्यांच्या शब्दांत वहीत लिहायचं. दोनशे पानी साधी वही, मधोमध रेघ. डावीकडे 'काय', उजवीकडे 'का'.

डावी बाजू भराभर भरते. उजवीकडे मजा आहे. एक नोंद जशीच्या तशी देतो (मायग्रेशन म्हणजे आधीच्या विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखला). डावीकडे: 'दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याचं मायग्रेशन आलं नसेल तर पात्रतेचा अर्ज थांबवू नये, हमीपत्र घेऊन पुढे पाठवावा.' उजवीकडे: 'एका मुलीचा फॉर्म थांबवला, तारीख गेली, वर्ष गेलं. वडील ऑफिसात येऊन काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. – भाऊसाहेब.' सही त्यांनी स्वतःहून केली. पंचवटीकर, तुमची नामावळ आठवली.

ओटीपीचं दोन पोर्टलांवर झालं. तिसऱ्याचा नंबर बदलायला जे पत्र लागतं त्याची ओटीपी जुन्याच नंबरवर येते. चालू आहे.

आता बदलाचं. ऑफिस सरळ आहे, शिक्षक अवघड. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीला लागू झालं. सत्राला २२ श्रेयांक, मेजर, मायनर, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून. म्हणजे कॉमर्सची पोरं आर्ट्सच्या वर्गात, सायन्सची कॉमर्सकडे, आणि खोल्या तेवढ्याच. हे वेळापत्रक आमचे एक सर बसवतात. एकटे. जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने. कुणाला मुलीला शाळेतून आणायचंय, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुठल्या खोलीत दुपारी ऊन येतं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना म्हटलं, सर, दुसऱ्या कुणाला सोबत घ्या. म्हणाले, "घेतो की, पण भांडणं तू मिटव." यावर काय करू?

केसस्टडी | २० एप्रिल, सकाळी ७.४०

सर, कुर्ट लेविनचं जुनं सूत्र आहे, आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा घट्ट करा. कॉलेजात ते चालत नाही असं माझं मत, कारण कॉलेज एकसंध बर्फाचा तुकडा नाहीच. कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांबद्दल लिहिलं की त्यांचे सांधे ढिले असतात. प्राचार्य, विभाग, ऑफिस, वर्ग, सगळे जोडलेले, पण सैल. म्हणून वरून परिपत्रक ओढलं तरी खालचं टोक हलत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की एका कोपऱ्यात काही बदललं तर बाकीच्यांना धक्का न लागता ते तिथे टिकू शकतं. तुमची वही त्या कोपऱ्यात आहे. वेळापत्रकवाल्या सरांना एवढ्यात छेडू नका.

पिंपळगावकर | २० एप्रिल, सकाळी ९.३३

मास्तर लोकांच्या धाग्यात शेतकरी घुसतोय, माफी असावी. आमच्याकडे सध्या द्राक्षांची खरड छाटणी चालू आहे. छाटणीला नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी कात्री देत नाही. काड्या गोळा करायला लावतो. काड्या उचलता उचलता तो बघतो कुठं कापलंय. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच म्हणतो, मामा, ही का ठेवली? तेव्हा कात्री द्यायची. तुमच्या वेळापत्रकवाल्या सरांकडे कुणाला तरी आधी पेन्सिलीला टोक काढायला पाठवा.

म्हसरूळची | २० एप्रिल, रात्री १०.५०

पिंपळगावकर भाऊ, माफी कशाला, आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलींना बेड लावायला याचसाठी शिकवतात.

बावळट बोका | २१ एप्रिल, सकाळी ८.००

'का' वहीचं पीडीएफ करून नॅकला पाठवू नका म्हणजे मिळवलं.

अशोकस्तंभ | १२ जुलै, रात्री ९.४५

धागा वर काढतोय, कारण काही जणांनी निरोपातून विचारलं.

भाऊसाहेब ठरल्याप्रमाणे रिटायर झाले. शाल, श्रीफळ, पैठणी वहिनींना, भाषणं. त्यांच्या जागी माणूस अजून नाही. अनुदानित पद, आधीचा असेपर्यंत दुसरा भरता येत नाही, आणि तो गेल्यावर मंजुरीची वाट. म्हणजे सोबत बसून शिकायची सोय व्यवस्थेतच नाही. आम्ही ती आतल्या माणसांत करून घेतली एवढंच. क्लार्क ताईंवर दुप्पट काम पडलंय, आणि या आराखड्याचं कौतुक करताना हे विसरायचं नाही असं मी स्वतःला बजावतो.

आराखडा आधी चौदा पानांचा झाला होता. व्हिजन, मिशन, बाणांची आकृती. शेवटच्या आठवड्यात कापून दीड पानाचा केला. पदाच्या नावाचे ईमेल. कुणी जाणार असेल तर शेवटचे साठ दिवस रोज एक तास कपाटाजवळ, आणि तेवढं दुसरं काम त्या माणसाकडून काढून घ्यायचं. ही अट प्राचार्यांकडून लेखी घेतली, नाहीतर तो तास कुणी देत नाही. साहित्यावर लिहिणाऱ्याचं नाव कायम, तासिकेवरचा असला तरी. तो कॉलेज सोडताना त्याला एक प्रत आणि अनुभवाच्या पत्रात त्याचा उल्लेख. तासिकावाले, हे तुमच्यामुळे. पुरेसं नाही, माहीत आहे. समितीतल्या अंबडच्या मालकांनी विचारलं, यात सॉफ्टवेअर कुठाय? प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षी. ओझरच्या काकांचं लॉग कार्ड आणि रिव्हेटचा आवाज मी त्यांना ऐकवला. ते हसले आणि म्हणाले, आमचा एक टूलरूमवाला पण डिसेंबरात चाललाय.

वेळापत्रकाला यंदा एक तरुण मॅडम पेन्सिलीला टोक काढायला बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, सर, ही खोली दुपारी रिकामी का? ऊन. सरांनी खोडरबर त्यांच्याकडे सरकवलं. भांडणं अजून मीच मिटवतोय.

आता फजिती. जूनच्या शेवटी तिसऱ्या पोर्टलचं काम निघालं, ओटीपी अजून जुन्याच नंबरवर. भाऊसाहेब सिन्नरकडे शेतावर, रेंज नाही. ताई दर दहा मिनिटांनी फोन लावतायत. शेवटी संध्याकाळी भाऊसाहेबांचा उलट फोन आला. विहिरीच्या कठड्यावर उभं राहून त्यांनी सहा आकडे ओरडून सांगितले, तोवर मुदत संपली होती. पुन्हा पाठवला, पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा जमलं. फोन ठेवताना खूश होते.

आणि काल ताईंनी वही दाखवली. पात्रतेच्या त्या मायग्रेशनवाल्या नोंदीखाली, भाऊसाहेबांच्या सहीच्या खाली, निळ्या पेनाने नवीन ओळ: 'हमीपत्र आता ऑनलाइन लागतं, कागद घेऊन चालत नाही. ४ जुलैला एक अर्ज परत आला. भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं.' खाली ताईंची सही.

मी विचारलं, ते काय म्हणाले? ताई म्हणाल्या, "म्हणाले, माझं खोडू नकोस, खालीच लिही."

पोथीबाई | १२ जुलै, रात्री १०.०५

सर, त्या वहीची पाठीमागे अनुक्रमणिका करा हं. प्रश्नाप्रमाणे लावा, विभागाप्रमाणे नको. आणि लाल कापड-काळं कापड ही नोंद पहिल्या पानावर आली का?

अशोकस्तंभ | १२ जुलै, रात्री १०.११

आली. उजवीकडचा रकाना मात्र रिकामा आहे. ९२ साली रजिस्टरं वेगळी का केली ते भाऊसाहेबांनाही माहीत नाही. तेव्हाचे हेड क्लार्क जेलरोडला राहतात म्हणे, रविवारी जाऊन येतो.